रश्शातलं मीठ आणि गुलाबी बाटली

मा. संपादक,
स. न.

लग्नसराई सुरू झाली की माझ्या दुकानात दोन गोष्टींचा खप वाढतो. एक अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचा आणि दुसरा माउथवॉशचा. पहिल्याचं कारण कोल्हापूरकरांना सांगायला नको. दुसऱ्याबद्दल मात्र बरेच दिवस लिहायचं मनात होतं. राजारामपुरीत माझं मेडिकल आहे, काउंटरला उभं राहून २६ वर्षं झाली. मी काही दाताचा डॉक्टर नव्हे. आणि ज्या चुकीबद्दल लिहितोय ती निम्मी माझीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, रिक्षा चालवतात. वय पन्नाशीच्या पुढं, ब्लडप्रेशरची गोळी दर महिन्याला माझ्याकडूनच नेतात. शिमग्याच्या सुमारास हिरड्या सुजल्या म्हणून ते दाताच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी दात साफ करून दिले आणि दहा दिवसांसाठी क्लोरहेक्सिडीनची, म्हणजे जंतुनाशक माउथवॉशची, बाटली लिहून दिली. बरं वाटलं. पुन्हा दाखवायला काही गेले नाहीत, चिठ्ठी मात्र खिशात जपून ठेवली. मग दर पंधरा दिवसांनी रिक्षा दारात. "द्या ती गुलाबी बाटली." मीही देत राहिलो.

आखाडात आले ते तक्रार घेऊनच. "दात पांढरं करायची पेस्ट असली तर द्या. तंबाखू सोडून सात वर्षं झाली, आणि माझं दात बघा." बघितलं, तर खालच्या पुढच्या दातांच्या फटीत, धुवायचा राहिलेल्या चहाच्या कपात बसतो तसा तपकिरी थर. जिभेवरही तसाच. पेस्ट शोधायला मी वळलो, तेवढ्यात म्हणाले, "आणि घरात रोज वादावादी. आमची मंडळी रश्शात मीठच घालंना झालीय. आखाडाचं मटण, आणि तांबडा अळणी! वरनं मीठ घेऊन खातोय बघा."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मीठ बरोबरच होतं. जिभेला ते कळत नव्हतं.

क्लोरहेक्सिडीन दातांना, हिरड्यांना आणि जिभेला चिकटून बसतं आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतं. जंतूंवर ते भारी पडतं ते त्यामुळंच, आणि त्याचा त्रासही तिथूनच सुरू होतो. चहा-कॉफीतला रंग त्याला धरून दातांवर बसतो. चव बिघडते, त्यातही खारट चव आधी जाते. कीटण धरण्याचं प्रमाणही वाढतं. दिवसातून दोनदा दहा-दहा मिलि, प्रत्येक वेळी मिनिटभर, हा नेहमीचा डोस. म्हणजे १५० मिलिची बाटली जेमतेम आठवडाभराची. बाटलीचा आकारच सांगतोय की हे औषध थोड्या दिवसांचं आहे. आमच्या रिक्षावाल्यांनी ते रोज सकाळी एक टोपण असं चार महिने ओढलं, आणि ब्लडप्रेशर असताना ताटात मीठ वाढवलं. त्यांची गोळी आणि त्यांची बाटली एकाच पिशवीत घालून देणारा मी.

ब्लडप्रेशरवरून आठवलं. पालेभाज्यांतल्या नायट्रेटचं जिभेवरचे काही जंतू नायट्राइट करतात आणि त्यातून पुढं शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारा वायू तयार होतो. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी १९ निरोगी माणसांना आठवडाभर असल्या जंतुनाशक माउथवॉशनं चुळा भरायला लावल्या, तर त्यांचं ब्लडप्रेशर दोन ते साडेतीन अंकांनी वर गेलं. अभ्यास छोटा आहे, त्यावरून कुणी घाबरायचं कारण नाही. पण तोंडातले झाडून सगळे जंतू वैरी नसतात, एवढं त्यातून कळतं.

खरी अडचण अशी की 'माउथवॉश' या एका नावाखाली आमच्या फळीवर निरनिराळ्या कामांच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. क्लोरहेक्सिडीनचं वर सांगितलं. दुसरी फ्लोराईडची, दात किडू नयेत म्हणून. तिसरी थायमॉल, मेंथॉल, निलगिरीच्या अर्काची. ती दातांवरचा चिकट थर थोडाफार कमी करते आणि तोंडाला वास चांगला येतो. चौथी दुखणं बधिर करणारी, तोंड आल्यावर किंवा घसा दुखल्यावर द्यायची. रंग मात्र सगळ्यांचे गुलाबी, निळे, हिरवे. गिऱ्हाईक रंगावरून मागतं. बाटलीवरची इंग्रजी अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावून मलाच वाचता येत नाहीत. निदान 'किती दिवस' आणि 'कुणी घेऊ नये' या दोन ओळी तरी मराठीत छापायला कंपन्यांचं काय जातं?

त्या तिसऱ्या प्रकारातल्या लिस्टरिनचीच गोष्ट घ्या. १८७९ साली अमेरिकेत ते तयार झालं. नाव पडलं शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्यावरून, आणि सुरुवातीचा वापरही शस्त्रक्रियेसाठीच होता. पुढं १९२० च्या दशकात कंपनीनं जाहिरातींत तोंडाच्या वासाला 'हॅलिटोसिस' असं भारदस्त नाव वापरलं, वासापायी लग्न न जमणाऱ्या मुलींची चित्रं छापली, आणि खप वाढवला. शंभर वर्षं झाली तरी लग्नाचं आणि माउथवॉशचं नातं काही तुटलेलं नाही, हे माझ्या गल्ल्यावरून मी सांगू शकतो.

तोंडाला वास येतो तो बहुतेक वेळा तोंडातूनच: जिभेच्या मागच्या भागावरचा थर, हिरड्यांतला पू, किडलेल्या दाढेत अडकलेलं अन्न. जीभ घासली, दाढ भरून घेतली, की निम्मं काम होतं. बाटलीनं तासभर वास दबतो. किडलेली दाढ आहे तिथंच असते आणि खोल जाते. तीन-चार महिने बाटली नेणारं गिऱ्हाईक पुढं रूट कॅनॉलची चिठ्ठी घेऊन येतं, हे मी किती वेळा बघितलंय त्याला गणती नाही.

माउथवॉश वाईट, असं मला म्हणायचं नाही. हिरडीचं ऑपरेशन झालंय, जबडा तारेनं बांधलाय, केमोथेरपीनं तोंड सोललंय, घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस आहे, अशा ठिकाणी ब्रश नीट चालत नाही. तिथं डॉक्टरांनी सांगितलेली बाटली मोलाची असते. फक्त दाढ काढून आल्यावर पहिला दिवसभर चूळ खळखळून भरू नका, माउथवॉशचीही नाही आणि मिठाच्या पाण्याचीही नाही. खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघाली तर पुढचे चार दिवस माणूस भिंतीवर डोकं आपटतो. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या गुळण्या करा. आजीचा हा उपाय डॉक्टरही सांगतात, आणि त्यात माझा एक रुपयाही सुटत नाही.

आणखी एक घोटाळा वेळेचा. ब्रश झाला की लगेच माउथवॉश, असं सगळे करतात. टूथपेस्टच्या फेसातल्या द्रव्यानं क्लोरहेक्सिडीन निकामी होतं. मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यायला हवा. फ्लोराईडवाल्या बाटलीचं वेगळंच. पेस्टमध्ये फ्लोराईड असतं १००० ते १५०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग) आणि रोजच्या माउथवॉशमध्ये साधारण २२५. म्हणजे दातांवर लागलेलं जाड औषध धुवायचं आणि पातळ लावायचं! ती बाटली दुपारी जेवणानंतर वापरावी. खरं तर ब्रशनंतर फेस नुसता थुंकून टाकावा, पाण्यानंही चूळ भरू नये, पण हे सांगितलं की लोक माझ्याकडं येडा झाल्यासारखं बघतात. सहा वर्षांखालच्या पोरांना कसलंच माउथवॉश देऊ नका, ती गिळून टाकतात. काही बाटल्यांत तर २० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. आमच्याकडं मिसरी लावणाऱ्या बायका आणि मावा खाणारी पोरं माउथवॉश नेतात ती वास लपवायला. मधे एक आजी आल्या, पदर तोंडाला लावून, "हिरडीला झोंबतंय, ते पाणी द्या." किती दिवसांपासून, विचारलं तर म्हणाल्या, "संक्रांतीपासनं." चैत्र चालू होता. त्यांना मी बाटली दिली नाही, बरोबरच्या नातवाला सीपीआरचा, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याचा, रस्ता धरायला लावला. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा घास घ्यायला तोंड पुरेसं उघडेना, तर मेडिकलमध्ये येऊच नका. माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणं आहे: बाटली देताना 'कशासाठी' आणि 'किती दिवस झाले' एवढं विचारा. गर्दीच्या वेळी ते जमत नाही हे मला माहीत आहे. मलाच चार महिने जमलं नव्हतं.

रिक्षावाल्यांना त्या दिवशी पेस्ट दिली नाही, बाटलीही दिली नाही, परत त्याच डॉक्टरांकडं पाठवलं. डाग साफ करून निघाले. श्रावण संपून गणपती बसायच्या आधी ब्लडप्रेशरची गोळी न्यायला आले, तेव्हा मी चवीचं विचारलं. म्हणाले, "चव आली हो, पण भांडण हाय तसंच हाय. आता मंडळी खारट करायला लागलीय."

आपला,
एक औषध विक्रेता,
राजारामपुरी, कोल्हापूर