आमच्या पेठेच्या पोस्टमनदादांना अनावृत आभारपत्र

सातारा

आदरणीय पोस्टमनदादा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात तुम्ही घरी येऊन पेन्शनसाठी लागणारा माझा हयातीचा दाखला काढून दिलात. त्याबद्दल निघताना मी तुमचे आभार मानले होते, परंतु हल्ली माझा आवाज इतका बारीक निघतो की ते शब्द तुमच्यापर्यंत पोहोचले की नाही, याची मला शंका आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता यावे असेही मला वाटते, कारण तुम्ही ज्या रीतीने ते काम केलेत, ती रीत माझ्यासारख्या पुष्कळ माणसांना हवी आहे. मजकूर माझा आहे. मी सांगत गेले तसा तो भाचीने टाइप केला.

मला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आहे. हात थरथरणे एवढीच या आजाराची ओळख बहुतेकांना असते. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली त्यावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांनीही शीर्षकात कंपालाच स्थान दिले होते. पण ज्याला हा आजार जडतो त्याला कंपापेक्षा मंदपणा अधिक छळतो. मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात, त्या हळूहळू नष्ट होत जातात, आणि पहिली लक्षणे ठळकपणे दिसू लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात, असे डॉक्टर सांगतात. मनाने ठरवलेली हालचाल हातापायांत उतरायला त्यामुळे उशीर होतो. खुर्चीतून उठावे असे वाटणे आणि प्रत्यक्ष उठणे यांच्यामध्ये जो वेळ जातो, तो बाहेरून पाहणाऱ्याला आळस वाटतो किंवा हट्ट वाटतो.

मी आयुष्यभर शाळेत शिकवले. फळ्यावरचे माझे अक्षर पाहून मुले आपले अक्षर सुधारत असत. आता ओळीच्या शेवटाकडे जाता जाता ते मुंगीएवढे होऊन जाते. चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. बाजारात जुने विद्यार्थी भेटतात, वाकून नमस्कार करतात, त्यांना पाहून मला भरून येते, परंतु ते चेहऱ्यावर उमटायला इतका विलंब लागतो की बाई रागावल्या आहेत किंवा त्यांनी आपल्याला ओळखलेच नाही, असे समजून ते पुढे निघून जातात. या आजाराने हिरावलेल्या गोष्टींमध्ये मला सर्वांत जास्त दुःख याचे आहे.

अशा माणसाला आजच्या जगात पावलोपावली घड्याळाशी सामना करावा लागतो. ओटीपी येतो, पण चष्मा लावून, आकडे वाचून, ते एकेक करून दाबेपर्यंत त्याची मुदत संपते. पडद्यावर एक अक्षर दाबावे तर बोट थरथरून तेच अक्षर दोनदा उमटते. फोनवरचे यंत्र 'आपली तक्रार सांगा' म्हणते आणि माझा आवाज त्याला ऐकू गेला नाही की फोन बंद करते. किराणा दुकानात पिन टाकताना मागे उभ्या असलेल्यांची चुळबुळ कानावर येते. काळजी वाढली की कंपवाताचा कंपही वाढतो, त्यामुळे उरलेले सेकंद समोर दिसू लागले की त्या आकड्यांनीच हात अधिक हलू लागतो. ज्यांनी ही यंत्रे बनवली त्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण सगळी माणसे एकाच वेगाने चालतात असे त्यांनी धरून ठेवले आहे, आणि ते चुकीचे आहे असे मला ठामपणे वाटते.

सहीचा प्रश्न त्याहून अवघड. आम्हा निवृत्त शिक्षकांची हयातीची यादी कोषागाराकडून बँकेत येते आणि नावासमोर सही करावी लागते. एका वर्षी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने माझी सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून कागद परत केला. आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही करता येत नसेल, तर अंगठ्याचा ठसा किंवा एखादी खूण दोन साक्षीदारांसमोर चालते आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची स्पष्ट सूचना आहे. सत्तरीपुढच्या तसेच अपंग आणि दुर्धर आजार असलेल्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असेही २०१७ सालापासून सांगितलेले आहे. हे मला माहीत होते. पण खिडकीपाशी उभे राहून नियम सांगायला आवाज लागतो, आणि माझा आवाज काचेपलीकडे गेला नाही.

तुम्ही एक नोंदणीकृत पत्र घेऊन आला होतात तेव्हा तुमची आणि माझी खरी ओळख झाली. तुम्ही बेल एकदाच वाजवलीत आणि थांबलात. आमच्या दाराच्या चौकटीपाशी आले की माझे पाय जमिनीला खिळतात. कंपवातात अरुंद जागी असे होते आणि कुणी घाई केली की ते अधिकच होते. वस्तू पोहोचवायला येणारी मुले बेल आणि फोन एकाच वेळी वाजवत राहतात, आणि मी दारापर्यंत पोहोचेस्तोवर 'घर बंद' असा निरोप पाठवून निघून गेलेली असतात. त्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्या मागेही कुणीतरी घड्याळ लावलेले आहे. परंतु तुमच्याही पिशवीत पेठेभरची पत्रे होती. तुमचे थांबणे फुकटचे नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते.

पोस्टमन घरी येऊन हयातीचा दाखला काढून देतात, हे मला तुमच्याकडूनच समजले. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सोय नोव्हेंबर २०२० पासून आहे, तरी आमच्या गल्लीतल्या निम्म्या पेन्शनरांना तिची कल्पना नव्हती. दिवस ठरवताना तुम्ही विचारलेत, "बाई, तुमच्या गोळीचा असर किती वाजता चांगला असतो? मी तेव्हाच येतो." तुमच्या चुलत्यांना हाच आजार होता, हे तुम्ही नंतर सांगितलेत. दादा, इतक्या वर्षांत कुठल्याही कार्यालयाने मला हा प्रश्न विचारलेला नाही. लेव्होडोपाची गोळी घेतली की साधारण अर्ध्या ते एक तासात अंग मोकळे होते आणि काही तासांनी पुन्हा जखडते. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून ती जेवणाच्या पुरेशी आधी घ्यावी लागते. आमचा सगळा दिवस या गोळ्यांच्या वेळांवर बेतलेला असतो. तुम्ही तुमच्या वाटपाचा क्रम बदलून माझ्या त्या वेळेत आलात.

त्या सकाळी जे घडले ते मी सविस्तर लिहिते, कारण मदत कशी करावी हे त्यातून इतरांनाही समजेल. प्रथम ठसा घ्यायचा होता. यंत्रावर बोट ठरेना. आजवर अनेकांनी अशा वेळी न विचारता माझे मनगट पकडून बोट दाबले आहे. त्यांचा हेतू चांगलाच असतो, तरी त्या क्षणी आपला हात आपला राहत नाही. तुम्ही आधी विचारलेत, "बोटाला आधार देऊ का?" आणि मी हो म्हटल्यावरच हात पुढे केलात. वयाने झिजलेल्या बोटाचा ठसा तरीही जुळला नाही, तेव्हा तुम्ही चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा मार्ग घेतलात. तिथे फोनने पापण्या मिटून उघडायला सांगितले. कंपवाताच्या रुग्णाच्या पापण्या मुळातच कमी लवतात, आणि सांगून लववायच्या म्हटल्या तर त्यालाही वेळ लागतो. शिवाय फोन स्वतः धरला, तर हात समोर स्थिर धरताक्षणी थांबलेला कंप थोड्याच वेळात पुन्हा सुरू होतो. तुम्ही फोन आपल्या हातात घेतलात, माझी कोपरे टेबलावर टेकवायला सांगितलीत, खिडकीकडे तोंड करून बसवलेत. फोनची मुदत संपली तेव्हा चेहऱ्यावर कंटाळ्याची रेघही न आणता म्हणालात, "पुन्हा करू, मला घाई नाही." अखेर दाखला निघाल्याचा संदेश आला. ठरलेल्या सत्तर रुपयांवर एक रुपयाही तुम्ही घेतला नाहीत.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात कंपवाताचा स्पष्ट उल्लेख आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळणी, करताना माणूस जिवंत आहे हे ओळखण्यासाठी पापण्या लवण्याखेरीज अन्य मार्गही ठेवावेत, असा आदेश दिला. ॲसिड हल्ला सोसलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींनी तो लढा दिला होता. त्यांची मी ऋणी आहे. पण निकाल कितीही चांगला असला तरी तो घरात येऊन खुर्चीसमोर बसत नाही. त्यासाठी तुमच्यासारखा माणूस लागतो, आणि असा माणूस मला भेटला याचे मोल मी जाणते. त्या दिवशी पेन्शनची चिंता मिटली, हे तर झालेच. त्याहून मोठी गोष्ट अशी, की सारे काम होईपर्यंत मला एकदाही कुणाची क्षमा मागावीशी वाटली नाही.

तुमच्या टपाल कार्यालयाच्या वरिष्ठांनाही मी वेगळे पत्र पाठवत आहे. घरी दाखला काढायला जाण्यापूर्वी रुग्णाला सोयीची वेळ विचारावी आणि त्या घरी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल हे धरूनच पोस्टमनच्या दिवसाची आखणी करावी, अशी विनंती मी त्यात केली आहे. ज्याने थांबून काम केले त्याची पत्रे मागे राहिली म्हणून त्यालाच बोल लागू नये.

आता एक काम सांगते. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळले आहेत, आणि त्यांच्या पत्नीला दर वर्षी या दाखल्यासाठी रिक्षातून त्यांना न्यावे लागते. तुमच्याविषयी मी त्यांना सांगितले आहे. येत्या नोव्हेंबरात माझ्याकडे याल तेव्हा त्यांचाही दाखला काढून द्यावा. काकांना दुपारी झोप लागते, म्हणून सकाळीच या. माझी गोळी हल्ली साडेआठला असते. साडेनऊनंतर कधीही चालेल.

आपली कृतज्ञ,
पेठेतल्या बाई