तुझा इनहेलर देवघराच्या फळीवर राहिला

नागपूर
मंगळवार, दुपार

चि. ऋचास अनेक आशीर्वाद.

तुला गाडीत बसवून घरी आलो, तर तुझा निळा इनहेलर देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. तुझ्या आईनं काही न बोलता तो माझ्या हातात दिला. फोनवर तू म्हणालीस, बॅगेत दुसरा आहे. असेल. तरी हा कुरिअरनं पाठवतो आहे. स्टेशनवर आपण धड बोललो नाही, म्हणून सोबत पत्र.

शनिवारी जेवताना मी म्हणालो, 'शेतातलं काम सोड, लॅबमध्ये बसून जनुकांचे मार्कर तपास.' तू ताटावरून उठलीस. मला तुझ्या छातीची काळजी वाटत होती, पण तोंडातून निघालं ते तुझ्या कामाला कमी लेखणारं. चुकलो मी.

आता इनहेलरबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तूच सांगितलंस ना, की गव्हावरच्या तांबेरा रोगाचे बीजाणू टाल्कमध्ये मिसळून संध्याकाळी रोपांवर उडवता? तांबेरा माणसाला लागत नाही हे मला पटलं. पण धूळ ती धूळच, आणि तू जाते आहेस त्या निलगिरीच्या डोंगरातली हवा थंड नि ओली. मास्क नाकावर घट्ट बसव, हनुवटीवर नको.

तुला कळमेश्वरचं शेत आठवतं? तू सात वर्षांची असशील. त्या वर्षी सगळा लोकवन गहू पेरला होता आणि जानेवारीत आभाळ भरून आलं. आबाजी धुऱ्यावरून आत शिरले आणि परत आले तेव्हा त्यांचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत गेरूत बुडवल्यासारखं झालं होतं. 'गेरवा आला,' म्हणजे तांबेरा, एवढंच बोलून ते बांधावर बसले. तू एक पान तोडून अंगठ्यानं चोळलंस आणि अंगठा माझ्यासमोर धरलास, 'बाबा, कुंकू!' त्या रात्री तुझी छाती पहिल्यांदा वाजली. मी तुला खांद्यावर टाकून पहाटेपर्यंत अंगणात फिरत होतो. तुझं शिक्षण आणि माझी भीती दोन्ही त्या एकाच दिवशी सुरू झाली असं मला वाटतं. तुला वाटत नसेल.

तू मागे सांगितलं होतंस की उन्हाळ्यात आपल्या मैदानात गव्हाचं हिरवं पान नसतं, म्हणून तांबेरा इथे तगत नाही. तो डोंगरात, हिमालयात आणि निलगिरीत जिवंत राहतो आणि तिथून वाऱ्यावर खाली येतो. हे आग्र्याच्या के. सी. मेहता या वनस्पतिरोग-शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. म्हणजे आबाजींचं धोतर रंगवणारा बहुधा तिथूनच उतरला होता, आणि तू त्याच्याच घरी राहायला निघालीस.

मी म्हणायचो, एक जबरदस्त जनुक घाला आणि मोकळे व्हा. तू राय धान्यातून गव्हात आलेल्या गुणसूत्राच्या त्या तुकड्याची गोष्ट सांगितलीस, ज्यावर पानावरच्या तांबेऱ्याला अडवणारा एलआर२६ आणि खोडावरच्या तांबेऱ्याला अडवणारा एसआर३१ हे जनुक एकत्र आहेत. जगभर त्याच्या भरवशावर गहू पेरला आणि १९९८ साली युगांडात एसआर३१ ला न जुमानणारा तांबेरा सापडला. बुरशीनं एक बदल केला की एका जनुकाचं कुलूप उघडतं, असं तू म्हणालीस. म्हणून तू एलआर३४ सारखे सावकाश काम करणारे जनुक एकावर एक रचते आहेस. त्यात तांबेरा येतो, पण फोड लहान राहतात, उशिरा फुटतात, दाणा भरायला वेळ मिळतो. रोपावर काही कळत नाही, मोठ्या झाडावरच दिसतं. मला हे सगळं लक्षात राहिलं आहे, बरं का.

मागच्या हिवाळ्यात गच्चीवरच्या तुझ्या कुंड्यांत पानांची टोकं वाळली, तेव्हा मी रोज दोन तांबे पाणी वाढवलं होतं. तू आलीस, टोकाला बोट लावलंस आणि हसलीस, 'बाबा, ही एलआर३४ ची खूण आहे, तहान नाही.' मग संकरासाठी चिमट्यानं एकेका फुलातले तिन्ही परागकोश काढलेस, तेही पिवळे पडायच्या आत, आणि ओंबीवर बटर पेपरची पिशवी चढवून लाल दोरा बांधलास. चष्मा लावूनही मला ते परागकोश धड दिसेनात. तुझा हात मात्र जरा हलला नाही. खाली जाऊन मी मंगलाकाकूला हे दोनदा सांगितलं.

पिशवी बांधताना तू दोनदा खोकलीस, तेही मला आठवतं.

असो. आधी झोप, जेवण, मग ते तांबेरा किती पसरला हे मोजायचं स्कोअरिंग. वहीत 'चाळीस एस' असा रोगाचा आकडा लिहायला पहाटे पाचला उठायची गरज नसते. पुन्हा सुरू झालो मी. तुझं काम तुला कळतं. आबाजी असते तर म्हणाले असते, पोरीला टोकू नको.

कुरिअरचं दुकान चारला उघडतं. इथे पंचेचाळीस अंश आहे, म्हणून आईनं इनहेलर ओल्या फडक्याजवळ सावलीत ठेवला आहे. डब्यात संत्रा बर्फी आहे, पण ती तुझ्यासोबतच्या मुलींनाही दे. बीजाणू उडवायच्या दिवशी संध्याकाळी मिस्ड कॉल दे, मी लावीन.

तुझे
बाबा