द्वीपराष्ट्रांतील किशोरवयीन मातृत्व: एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष नकोत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

१५ ते १९ वयोगटातील दर हजार मुलींमागे वर्षभरात होणाऱ्या जन्मांचे प्रमाण जगभरात २००० साली सुमारे ६४ होते, ते २०२३ पर्यंत ४१ च्या आसपास आले. या घसरणीबद्दल लिहिताना छोट्या द्वीपराष्ट्रांची बोळवण बहुधा तक्त्यातील एखाद्या ओळीवर केली जाते आणि घट दिसली की तिचे श्रेय विवाहवयाच्या कायद्याला देऊन विषय संपवला जातो. या देशांचा गेल्या चार-पाच दशकांचा प्रवास पाहिला, तर हे श्रेय इतके सरसकट देता येत नाही.

मालदीवमध्ये कोवळ्या वयातील मातृत्व हे प्रामुख्याने लवकर होणाऱ्या लग्नांचे फळ होते. १९८० च्या दशकात तिथला हा दर शंभराच्या वर होता, आज तो दहाच्याही खाली आहे. २००० च्या कुटुंब कायद्याने विवाहाचे वय १८ केले, हे खरेच. परंतु दूरदूरच्या बेटांवर शाळा पोहोचल्या, मुली अधिक वर्षे शिकू लागल्या आणि कायदा येण्याआधीच हा दर उतरणीला लागला होता. कायद्याने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

जमैकात मात्र विवाहाच्या कायद्याने फारसे काही साधले नसते, कारण तिथे किशोरवयीन मुलींची बाळंतपणे बहुतांशी विवाहाबाहेरची असतात. तरीही १९७५ मध्ये दर हजारी १३७ असलेला हा दर २००८ च्या पाहणीत ७२ वर आला आणि त्यानंतरही घटत राहिला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारने कुटुंबनियोजनाची सेवा गावोगावी नेली, हे त्याचे एक कारण. मला अधिक मोलाचे वाटते ते १९७८ मध्ये किंग्स्टन येथे सुरू झालेल्या महिला केंद्राचे काम. गरोदर राहिलेल्या मुलीची शाळा सुटली की तिचे शिक्षण बहुधा तिथेच संपायचे. या केंद्रात तिचा शालेय अभ्यास चालू राहतो, समुपदेशन मिळते, बाळासाठी पाळणाघराची सोय होते आणि बाळंतपणानंतर ती पुन्हा नेहमीच्या शाळेत जाते. दुसरे मूल इतक्यात होऊ नये, यासाठी तिला संततिनियमनाची माहितीही दिली जाते. अशा मुलींना शाळेत परत घेण्याचे राष्ट्रीय धोरण मात्र २०१३ मध्ये आले, म्हणजे मध्ये तब्बल ३५ वर्षे गेली. या विलंबाची किंमत किती मुलींनी मोजली असेल, या विचाराने मन विषण्ण होते.

मराठी वंशाची अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या मॉरिशसची कथा आणखी वेगळी आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथे दर स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास मुले होती. आज हे प्रमाण दीडच्याही खाली आहे. एवढी घट होऊनही किशोरवयीन मातांचे प्रमाण आज मालदीवपेक्षा अधिकच आहे. पालकांच्या संमतीने १६ व्या वर्षी लग्न करण्याची मुभा तिथे २०२२ च्या आरंभापर्यंत कायम होती. कुटुंबे लहान झाली म्हणून त्या कुटुंबांतील मुली आपोआप सुरक्षित होत नाहीत, हे यातून दिसते.

आकडेवारी छापताना आणखी एक पथ्य पाळायला हवे. तुवालूसारख्या जेमतेम दहा-अकरा हजार वस्तीच्या देशात या वयाच्या मुली समजा पाचशे असल्या, तर वर्षाला दहा जन्म म्हणजे दर २० आणि पंधरा जन्म म्हणजे दर ३०. केवळ पाच बाळंतपणांच्या फरकाने ‘पन्नास टक्के वाढ’ असा मथळा होऊ शकतो. शिवाय १५ वर्षांखालील मुलींची बाळंतपणे या दरात धरलीच जात नाहीत आणि सर्वाधिक जिवावर बेतते ते त्यांच्याच.

म्हणून विनंती आहे की, छोट्या देशांविषयीचे असे आकडे प्रसिद्ध करताना एका वर्षाऐवजी पाच वर्षांची सरासरी द्यावी, त्यासोबत प्रत्यक्ष जन्मांची संख्या छापावी आणि १५ वर्षांखालील मुलींची माहिती उपलब्ध असेल तेव्हा ती स्वतंत्रपणे द्यावी.

कळावे,
आपल्या दैनिकाची एक नियमित वाचक