सुनील, करारातलं अकरावं कलम वाच

अमळनेर,
दि. ४ डिसेंबर २०२५

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन येऊन गेला, मी मुद्दाम उचलला नाही. रागावू नकोस. जे बोलायचंय ते फोनवर होणार नाही. तिसऱ्या वाक्याला तू मध्ये पडतोस आणि पाचव्याला सल्ला देऊन मोकळा होतोस. म्हणून लिहायला बसलोय. पूर्ण वाच, मग बोल.

घरी सगळे बरे. नानांची शुगर आटोक्यात आहे, गुडघे होते तसेच. तुझ्या वहिनीच्या थायरॉइडच्या गोळ्या चालू. झालं.

आता मुख्य गोष्ट. दुकान मागायला आलेत. विकत नाही, फ्रँचायझी म्हणून. चष्म्याच्या एका मोठ्या कंपनीची माणसं दिवाळीनंतर येऊन गेली. नाव लिहीत नाही, बोलणी चालू आहेत तोवर ते कागदावर नको. वागायला सभ्य होती. नानांच्या पाया पडली, तुझ्या वहिनीच्या हातची शेवभाजी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी ‘मस्त आहे’ म्हणाली. लेझर मीटरने दुकान मोजलं. सहा दिवसांनी कराराचा मसुदा मेलवर आला. पाटी त्यांची, रंग त्यांचा, फर्निचर त्यांच्या ठेकेदाराचं आणि पैसे आपले. माल त्यांच्याकडूनच घ्यायचा. बिल त्यांच्या सॉफ्टवेअरवर. डोळे तपासायचं मशीन ते देणार. विक्रीवर आपल्याला टक्का.

ओंकारला हे हवंय. बी. ऑप्टोम., म्हणजे डोळे तपासणीची पदवी, करून आलेला पोरगा आहे, त्याला मी अडाणी म्हणू शकत नाही, आणि तो बोलतो त्यातलं निम्मं खरं आहे. पोरंपोरी दुकानात येतात, पाच फ्रेमा घालून बघतात, आरशासमोर फोटो काढतात आणि आपल्यासमोरच फोनवर भाव शोधतात. एकावर एक फ्रीची जाहिरात आपण कुठून करणार? स्टेशन रोडला एका दुसऱ्या कंपनीचं दुकान झालंय, काचेचा दरवाजा, आत एसी. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा माणूस चष्म्यासाठी नाही तर थंडाव्यासाठी आत शिरतो आणि शिरला की काहीतरी घेऊनच निघतो. सप्टेंबरात चष्म्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला तेव्हा मला वाटलं आपल्याला हात मिळेल. झालं उलटं. त्यांनी त्याच दिवसापासून फ्लेक्स लावले, आणि आपण जुन्या दराने भरलेल्या मालाचा हिशेब लावत बसलो.

ओंकार म्हणतो, ‘बाबा, पाच वर्षांनी ते मागायलाही येणार नाहीत.’ हेच वाक्य तू मला २०१८ साली म्हणाला होतास. शब्दसुद्धा तेच. तुझ्या पुतणीच्या हळदीत, धुळ्याला, मांडवाच्या मागे. काचा करणारी एसिलॉर आणि फ्रेमा करणारी लक्सोटिका त्याच वर्षी एक झाल्या होत्या आणि तू नवीनच एरिया मॅनेजर झाला होतास. तू म्हणालास, बरंच झालं, दुकानदाराला काच आणि फ्रेम एकाच दारात मिळेल. मी म्हणालो, ज्याच्याकडून माल घ्यायचा तोच उद्या समोर दुकान टाकेल. मग तुझा आवाज चढला, माझाही चढला, आणि तुझ्या आईने दोघांच्या तोंडाला हळद फासून वाद मिटवला. मिटला कुठे? मी अजून तिथेच उभा आहे.

कारण गॉगलवाल्या ओकली कंपनीची गोष्ट तूच मला सांगितलेली. आठवते ना? भुसावळला गाडी लेट होती तेव्हा. २००१ मध्ये लक्सोटिकाने सनग्लास हट ही दुकानांची साखळी घेतली. ओकलीचा मोठा खप त्याच दुकानांतून व्हायचा. दरावरून बिनसलं, दुकानांनी ओकलीच्या ऑर्डरी तोडल्या, ओकलीचा शेअर धाडकन पडला. २००७ मध्ये तीच ओकली लक्सोटिकाने २.१ अब्ज डॉलरला घेऊन टाकली. तू ही गोष्ट कौतुकाने सांगत होतास. अनाथाश्रमात वाढलेला पोरगा, लिओनार्दो देल वेक्कियो, १९६१ साली इटलीतल्या अगोर्दो नावाच्या डोंगरातल्या गावात फ्रेमचे सुटे भाग करायला बसतो, आणि पुढे रे-बॅन त्याची, पर्सोल त्याची, शनेल आणि प्रादाच्या नावाच्या फ्रेमाही त्याच्याच कारखान्यात. मलाही त्या माणसाचं कौतुक आहे, खोटं कशाला बोलू. हाताने काम शिकलेला माणूस होता. पण मी त्या गोष्टीत ओकलीच्या जागी उभा राहून बघतो, तू कायम दुसऱ्या बाजूने बघतोस.

आणि ओकली तरी केवढी मोठी कंपनी. फ्रान्समध्ये २०२१ साली तिथल्या स्पर्धा आयोगाने लक्सोटिकाला साडेबारा कोटी युरोंच्या वर दंड ठोकला, कशासाठी? चष्मेवाल्यांना स्वतःच्या दुकानात स्वतःचा भाव लावू देत नव्हते म्हणून. तिकडचे चष्मेवाले आपल्यासारखेच, बापाचं दुकान चालवणारे. मसुद्यात भावाचं कलम वाचताना मला तेच आठवलं. ‘कंपनीने ठरवलेल्या दराव्यतिरिक्त सूट देता येणार नाही.’ म्हणजे मारवडहून म्हातारी आली आणि तिच्याजवळ दोनशे रुपये कमी असले तर मी काय करू? सॉफ्टवेअरला विचारू?

कंपनी म्हटली की माझं डोकं फिरतं असं ओंकार म्हणतो, ते मात्र चूक. अमळनेरच्या माणसाला कंपनीचं वावडं असेलच कसं? १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याची विप्रो झाली, आणि ज्यांच्या आजोबांनी शेअर धरून ठेवले त्यांची घरं आपण दोघांनी बघितली आहेत. तुझ्या काकांनी मुलीच्या लग्नात विकून टाकले ते रडगाणं तू अजून गातोस. गेल्या महिन्यात लेन्सकार्टचा आयपीओ आला तेव्हा अर्धी बाजारपेठ ४०२ रुपयांच्या शेअरचं गणित मांडत होती. मीही ऐकत होतो. २०१० साली ऑनलाइन सुरू झालेल्या धंद्याची आज देशात दोन हजारांवर दुकानं आहेत, ही साधी गोष्ट नाही. स्वस्त चष्मा खेड्यातल्या पोरापर्यंत पोचला, फळा दिसायला लागला, यात वाईट काय? आपल्या लहानपणी किती पोरं नुसती दिसत नाही म्हणून ढ ठरली, तू स्वतः त्यातला. सहावीत नानांनी तुझ्या नाकावर ट्रायल फ्रेम ठेवली नसती तर तू आज पुण्यात नाही, मांडळच्या शेतात असतास.

तर कंपनीशी भांडण नाही. मला अडलंय ते अकराव्या कलमाशी. सोबत त्याची झेरॉक्स ठेवली आहे. ‘कंपनीव्यतिरिक्त अन्य ठिकाणाहून खरेदी केलेल्या उत्पादनाची दुरुस्ती, जुळवणी अथवा काच बदल या दालनात करता येणार नाही.’

मागच्या आठवड्यात काय झालं ते सांगतो, म्हणजे तुला कळेल. पारोळ्याच्या एक शिक्षिका आल्या. उजवा डोळा उणे साडेपाच, डावा उणे पाच, जवळचा दोन. प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर, फोनवरून मागवलेला. महिनाभर मान दुखतेय, मळमळतं, जिना उतरताना पाय चुकतो. लेन्सोमीटरवर लावला, नंबर तंतोतंत. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, तीही बरोबर, आजकाल फोनवरून पीडी चांगली येते, हे मान्य करायला हवं. मग काचेवरच्या बारीक खुणा शोधून मार्करने क्रॉस काढला (सरळ बघताना बाहुली तिथेच यायला हवी), चष्मा घालायला लावला आणि त्यांच्या समोर स्टुलावर बसलो. त्यांची बाहुली फ्रेमच्या खालच्या काठापासून १८ मिलिमीटरवर, आणि क्रॉस २२ वर. बाई सरळ बघत होत्या तेव्हा नजर जवळच्या नंबराच्या वाटेत शिरत होती. फळा बघायचा तर हनुवटी छातीला टेकवायची. मान दुखणार नाही तर काय होईल?

काच बदलायची तर नवा चार हजारांचा खर्च. मी नोज पॅडच्या दांड्या बारक्या पक्कडीने हळूहळू बाहेर उघडल्या, फ्रेम खाली बसली. मग काड्या गरम करून बिजागरीपाशी थोडा कल दिला, कानामागचा बाक बदलला. पुन्हा मोजलं. तीन मिलिमीटर मिळाले. बाईंनी मान सरळ ठेवून रस्त्यापलीकडची मेडिकलची पाटी वाचली, मग फोन वाचला, मग उठून आपली पायरी दोनदा उतरून चढून बघितली. ‘आते चांगलं शे, भाऊ,’ म्हणाल्या. मराठी शिकवणाऱ्या बाई, पण आनंदात अहिराणीच निघाली तोंडून. किती झाले विचारलं. नाना गल्ल्यावर होते, त्यांनी नुसता हात हलवला.

ओंकार तिथेच उभा होता. बाई गेल्यावर म्हणाला, ‘अर्धा तास गेला, बिल शून्य.’ बरोबर आहे, शून्यच. पण सुनील, त्या कलमाखाली सही केली तर त्या बाईंना मी दारातूनच परत पाठवायचं. स्क्रू पडला, काडी सैल झाली, अर्ध्या फ्रेमच्या सुप्रा चष्म्याची तार तुटली, गाडीच्या डिकीत राहून उन्हाने कोटिंगला जाळी पडली, अशी माणसं रोज येतात. कुणी कुठून घेतला ते नानांनी कधी विचारलं नाही. तू आणि मी हातदगडावर पाणी सोडून काचा घासायचो त्या दिवसांपासून नाही. नखं झिजायची तुझी, आणि तू मुद्दाम रडायचास म्हणजे नाना चहा मागवतील. (आणि हो, ट्रायल सेटमधली अधिक दहाची काच तूच फोडलीस. आता तरी कबूल कर.)

दुसरं, टार्गेट. रोजच्या विक्रीत इतक्या ब्लू कट काचा गेल्याच पाहिजेत. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा आढावा आला, त्यात स्पष्ट आहे की निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसत नाही, निदान थोड्या काळात तरी. ओंकारनेच मला तो वाचून दाखवला होता, शिकत असताना. मी त्याला विचारलं, मग आठवीतल्या पोराच्या बापाला तू काय सांगशील? तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्यात मला जरा आशा वाटते.

पण आशेवर दुकान चालत नाही हेही कळतं. नानांना विचारलं तर म्हणतात, तुम्ही दोघं ठरवा. वरून तसं म्हणतात आणि रात्री उठून जुन्या कपाटातल्या क्रिप्टॉकच्या, त्या जुन्या बायफोकल काचा पुसत बसतात. ओंकारचं लग्न करायचंय. मुलीकडचे विचारतात, मुलगा काय करतो? ‘दुकान’ म्हटलं की चेहरा पडतो आणि त्या कंपनीचं नाव घेतलं की उजळतो. हे मला फार लागतं. चार वर्षं शिकलेला पोरगा, रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढणं, अशी करतो की तू बघत राहशील. पहाडावरून आलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या पावरा म्हाताऱ्याचा नंबर त्याने एकही प्रश्न न विचारता काढला.

म्हणून तुला विचारतोय, कारण तू टेबलाच्या त्या बाजूला बसलेला आहेस. असे करार तू करून घेतलेस, मोडलेसही. मला तीन गोष्टींचं सरळ उत्तर दे. अकरावं कलम काढा म्हटलं तर काढतात का, की तोंडी ‘कोण बघतंय’ म्हणतात आणि पुढे तेच दाखवून दंड लावतात? डोळे तपासणी आणि दुरुस्तीचा भाग ओंकारच्या नावाने वेगळा ठेवून, त्याच जागेत अर्धं दुकान त्यांना देता येतं का? आणि सही नाहीच केली, तर जळगाव, चोपडा, शिरपूरचे आपल्यासारखे पाच-सात दुकानदार मिळून काचा एकत्र मागवल्या तर लॅबवाले किती खाली येतील? हा शेवटचा आकडा तुला पाठ असणार. कंपनीचं गुपित असेल तर नको सांगू, नुसतं ‘परवडेल’ की ‘नाही’ एवढं कळव.

मी तुझ्यावर चिडलेलो नाही. हळदीतल्या भांडणात तू जे बोललास ते मला अजूनही पटलेलं नाही, एवढंच. त्यांना पंधरा तारखेला उत्तर द्यायचंय.

तुझं कसं चाललंय? वहिनींची शाळा, सईचं दहावीचं वर्ष, सगळं ठीक ना? नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? सईचा नंबर वाढला असं तुझी वहिनी म्हणत होती. वर्षात एकपेक्षा जास्त वाढला असेल तर नुसता चष्मा बदलू नकोस, आधी डॉक्टरांना दाखव.

शक्य झालं तर चौदाचा रविवार गाठ. मळ्यात भरीत आहे, वांगी बामणोदची सांगून ठेवली आहेत, भाजायला पऱ्हाट्या तयार आहेत. ओंकार तुझं ऐकतो, माझ्यापेक्षा जास्त. ये, आणि तू माझ्या बाजूने बोल असं मी म्हणत नाही. कलम वाचून काय वाटतं ते त्याच्यासमोर बोल.

तुझा,
बाळू

ता. क. तुझी जुनी तपकिरी फ्रेम येताना घेऊन ये. नानांना तिची काडी सापडली आहे.