चुंबकीय उपचाराआधी हाताची चाचणी हवी

मा. संपादक,

जन्माच्या सुमारास पक्षाघात होऊन एक हात अधू झालेल्या मुलांना ‘टीएमएस’, म्हणजे चुंबकाने मेंदूला चेतना देणारा उपचार सुचवला, तर पालकांनी आधी एक प्रश्न विचारावा: अधू हाताला आदेश मेंदूच्या कोणत्या बाजूकडून येतो?

कॉइल, म्हणजे चुंबकीय ठोके देणारे वेटोळे, बहुधा डोक्यावर मेंदूच्या धडधाकट बाजूला ठेवतात. ही बाजू दुखावलेल्या बाजूला दाबून ठेवते, असे मानले जाते. सेकंदाला एक असे संथ ठोके देऊन तिचा जोर कमी करतात. पण काही मुलांत अधू हातही तीच बाजू चालवते! तिला मंदावले, तर उरलीसुरली हालचाल जाण्याची भीती. म्हणून स्नायूवर इलेक्ट्रोड लावून, सुटे ठोके देऊन हे आधी तपासायलाच हवे. लहान वयात यंत्र पूर्ण ताकदीवर नेऊनही कधी स्नायूत प्रतिसाद उमटत नाही. तिथे अंदाजाने मात्रा ठरवू नये.

कॅनडातील डॉ. अ‍ॅडम कर्टन यांच्या गटाच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १० मुलांच्या चाचणीत निम्म्यांना रोज २० मिनिटे, म्हणजे १२०० ठोके, आठ दिवस हा उपचार दिला, बाकीच्यांना नुसता दिखाऊ. त्यांच्याच २०१६ च्या ४५ मुलांच्या चाचणीत सर्वाधिक फायदा दिसला तो चांगला हात बांधून अधू हाताकडून काम करून घेण्याच्या सरावासोबत.

यंत्राच्या आवाजामुळे कानात बोळे हवेतच. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणयंत्र, असेल, तर उपचार नको. आकडी येऊन गेली असेल तर सांगावे, तिचे औषध चुकवू नये.

— बालमेंदूरोग व फिजिओथेरपी क्षेत्रातील काही वाचक