तुझ्या डोक्यावरचा त्रिशंकू

रत्नागिरी, मे महिना

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, इथलं आकाशच अनोळखी आहे. ध्रुव नाही, सप्तर्षी नाहीत." दोन दिवस तेच मनात घोळतंय. ध्रुव मेलबर्नहून कधीच दिसायचा नाही, खरं आहे. लग्नात नवरानवरीला दाखवतात ती अरुंधतीसुद्धा तिथे क्षितिजाखालीच राहते. पण बाळा, तिथे पानगळ सरत आलीय, रात्री लांबल्यात. दक्षिणेचं आकाश बघायला याहून चांगले दिवस नाहीत.

अमावास्येच्या आसपास, शहराच्या दिव्यांपासून लांब जा. वीस-पंचवीस मिनिटं मोबाईल उघडू नकोस, डोळे अंधाराला सरावू देत. मग नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून मान वर कर. तो त्रिशंकू, चार ताऱ्यांचा क्रूस. आपल्या गच्चीवरून याच दिवसांत साडेनऊला तो दिसतो, पण नारळांच्या शेंड्यांत अडकलेला. त्याचा खालचा तारा क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या मुठीएवढाच वर. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन दाखवायचे, आठवतं? तुझ्याकडे तो मावळतच नाही.

त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे आहेत, आधी मित्रक, मग मित्र. मित्र म्हणजे आपल्या सूर्याचा सख्खा शेजारी, साधारण ४.४ प्रकाशवर्षांवर. आज तुझ्या डोळ्यांत शिरेल तो त्याचा उजेड तू बारावीचा अभ्यास करत होतीस तेव्हा निघालेला आहे. त्या दोघांच्या वरच्या अंगाला धूसर ठिपका दिसला तर दुर्बीण लाव. तो तारा नव्हे, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोळा आहे, १७,००० प्रकाशवर्षांवरचा.

ध्रुवाची उणीव वाटते ना? त्रिशंकूची लांब रेघ वरून खाली, तिच्या साडेचारपट पुढे ने. तिथे ठसठशीत तारा नाही, पण सगळं आकाश त्या जागेभोवती फिरतं. तिथून सरळ खाली उतरलीस की दक्षिण दिशा.

आणि एक गोष्ट मी इथून नीट बघूच शकत नाही. त्रिशंकूला चिकटून आकाशगंगेत एक काळा डाग आहे. तिथल्या मूळच्या लोकांना त्यात एमूचं डोकं दिसतं. मान मित्र-मित्रकच्या मधून जाते आणि अंग थेट वृश्चिकापर्यंत पसरतं. आपण तारे जोडून चित्रं काढली, त्यांनी मधल्या काळोखाचं चित्र पाहिलं. त्यांच्यातले कमिलरॉय लोक या दिवसांत तो एमू धावताना बघतात आणि अंड्यांचा हंगाम ओळखतात. मला हे फार आवडलं.

वृश्चिक नऊच्या सुमारास पूर्वेला चांगला वर आलेला असेल, लालसर ज्येष्ठेसकट. मध्यरात्रीनंतर तो जवळजवळ डोक्यावर येतो. आपल्याकडे जेमतेम अर्ध्या आभाळापर्यंत. नऊलाच तुझ्या नैर्ऋत्येला अगस्त्य. उलट आपल्या माथ्यावरून जाणारी स्वाती तुला उत्तरेला खाली दिसेल. म्हणजे सगळे ओळखीचेच आहेत, जागा तेवढ्या बदलल्यात.

मी साडेनऊला गच्चीवर जाईन तेव्हा तुझ्याकडे पहाटेचे दोन वाजलेले असतील आणि तुझा त्रिशंकू उजव्या कुशीवर कलंडलेला असेल. जागी असलीस तर बघ. आणि एमूची मान सापडली का, ते नक्की कळव.

तुझी,
आई