आण्णा, आमच्या गायकाला त्याचाच आवाज ऐकवलात

आण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या ऑर्डरच्या वहीत आमच्या बँडपुढे 'ओरडणारे' असं लिहिलेलं असतं, हे आम्हाला ठाऊक आहे. असू दे. पण सांगली-मिरजेत मेटल, म्हणजे जोरकस रॉक, गाणाऱ्या आमच्या गायकाचा घसा आज शाबूत आहे, त्यात आमचे साऊंडवाले म्हणून तुमचा वाटा मोठा आहे, म्हणून हे जाहीर आभार. चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की इकडे आणि सातारा-कऱ्हाडकडेही नवी पोरं बँड काढतायत. गायक व्हायचं म्हणजे यूट्यूबवरून ग्राऊल, म्हणजे मेटलमधला गुरगुरता आवाज, शिकायचा, अशी त्यांची समजूत आहे. गायकाची निम्मी कारकीर्द साऊंडवाल्याच्या हातात असते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस आपोआप आवाज चढवतो. एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये हे दाखवून दिलं. एसटी स्टँडवर फोनवर बोलणारा कोणीही तेच करत असतो. मेटलमध्ये मागे ड्रम शंभर डेसिबलच्या वर आणि दोन्ही बाजूंना गिटार. गायक नकळत जोर लावतो, आणि घात तिथेच होतो. ग्राऊल नीट लागला असेल तर खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या खोट्या घड्या थरथरतात. तो आवाज खोलीत ऐकाल तर वाटतो तेवढा मोठा नसतोच, त्याला मोठं करायचं काम माईकचं. जोर लावला की सगळा मार खाली खऱ्या तंतूंवर बसतो. ते सुजतात, आवाज फाटतो, आणि असंच रेटत राहिलं तर दोन्ही तंतूंवर समोरासमोर गाठी धरतात. आपली सांगली नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथे नाटक उभं केलं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणाऱ्या नटांचं कौतुक आपल्या रक्तातच आहे. ड्रमपुढे उभं राहून तसा आवाज फेकायला गेलं की घसा बसलाच.

तुमचं सूत्र साधं: 'त्याला आधी त्याचं ऐकू दे.' त्यासाठी तुम्ही जे करता ते इथे लिहून ठेवतो, कारण आम्ही ऐकलेल्या बहुतेक ठिकाणी गायकाचा मॉनिटर, म्हणजे त्याचा आवाज त्यालाच ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर, सगळ्यात शेवटी लागतो.

माईक एसएम 58 जातीचा असेल तर मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीमागे, कारण तो माईक मागून बहिरा. बीटा 58 जातीचा असेल तर मॉनिटर थोडा बाजूला, कारण त्याची बहिरी जागा सरळ मागे नसून तिरकी, साधारण 120 अंशांवर असते. मग गायक नसताना नुसता माईक उघडा ठेवून मॉनिटर हळूहळू चढवायचा. मॉनिटरचा आवाज माईकमध्ये परत शिरून शिट्टी सुरू व्हायला लागली की 31 पट्ट्यांच्या इक्वलायझरवर (खर्जापासून तारेपर्यंतचा आवाज पट्टीपट्टीने कमी-जास्त करायचं यंत्र) नेमकी पट्टी शोधून ती 3 डेसिबल (डीबी) खाली. परत चढवायचं, परत शोधायचं. चार-पाच पट्ट्यांवर थांबायचं. त्यापुढे कापत गेलं तर शिट्टीबरोबर आवाजही जातो, गायकाला ऐकू येत नाही, आणि तो पुन्हा ओरडायला लागतो. शेवटी सगळं मिळून 3 डीबी खाली आणायचं, म्हणजे हॉल भरल्यावर हात घालावा लागत नाही. खर्जातली 100 ते 120 हर्ट्झच्या खालची गडगड कापलेलीच असते.

गायकाच्या मॉनिटरमध्ये त्याचा आवाज आणि थोडा स्नेअर ड्रम, बास गिटार. बाकी गिटार नाही म्हणजे नाही. यावरून आमच्या गिटारवाल्यांनी तुमच्याशी किती हुज्जत घातली असेल! तुम्ही त्यांचे अँप्लिफायर मागे कलते केलेत. गुडघ्यावर आदळणारा आवाज कानावर गेला आणि व्हॉल्यूम त्यांनी स्वतःहूनच उतरवला.

पब्लिकला ऐकू जाणाऱ्या आवाजात तुम्ही गायकाला कंप्रेसरने, म्हणजे चढलेला आवाज आपोआप खाली दाबणाऱ्या यंत्राने, 4:1 ने दाबता, पण मॉनिटरला कंप्रेसर लावू देत नाही. यामागचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. मॉनिटर दाबलेला असेल तर गायकाने जोर लावला तरी त्याला आवाज वाढलेला ऐकू येत नाही. मग तो आणखी जोर लावतो. शिट्टीही लवकर येते.

माईक मुठीत धरण्याबद्दल तुमच्या शिव्या अख्ख्या सांगलीला पाठ आहेत. फोटोत ते झकास दिसतं खरं. पण जाळीच्या मागच्या बाजूने आवाज आत यायला वाट ठेवलेली असते, ती झाकली की माईक सगळ्या दिशांनी ऐकायला लागतो. डब्यातून बोलल्यासारखा आवाज येतो, शब्द जातात, आणि वर शिट्टी. दांडा धरा, ओठ जाळीला टेकवा, बास.

कार्यालयाच्या हॉलमध्ये फरशी आणि कोऱ्या भिंती असल्या की ड्रमच्या मागे मंडपाचं जाड कापड आणि खाली सतरंजी, हे तुमचंच. झांजांचा पसारा गायकाच्या माईकमध्ये शिरायचा कमी होतो.

वायरिंगचं तर विचारूच नका. लाइट एका फेजवर, साऊंड दुसऱ्यावर, आणि स्पीकरमधून हम (घूं-घूं आवाज) येतो म्हणून अर्थची पिन तोडणाऱ्याला स्टेजवर थारा नाही. गिटार वाजवत गाणाऱ्याचे ओठ माईकला आणि बोटं तारांना लागलेली असतात. अर्थिंग बिघडलं तर करंट त्याच्या अंगातूनच जातो. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे स्टेजवर असाच गेला. तुम्ही मीटरचं एक टोक माईकच्या जाळीला आणि दुसरं गिटारच्या तारेला लावून बघता, मगच माईक हातात देता.

घशाइतकेच कान. 85 डेसिबलला कानांना आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला 2016 मध्ये कानांमुळे दौरा अर्धवट सोडावा लागला. उरलेले कार्यक्रम गन्स एन' रोझेस बँडचा अॅक्सल रोझ याने गायले. जॉन्सन 2020 च्या अल्बममध्ये परतला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. म्हणून कानात घालायचा मॉनिटर वापरला तर तुम्ही एका कानातला इअरपीस काढू देत नाही. एक कान उघडा राहिला की बंद कानातला आवाज वाढवत नेला जातो.

मेटलमध्ये गायक लवकर संपतो, असं लोक म्हणतात. ते काही खरं नाही. ज्यूडास प्रीस्ट या मेटल बँडचा गायक रॉब हॅलफर्ड 1951 चा, आणि 2024 मध्ये बँडचा नवा अल्बम घेऊन आला. ब्रूस डिकिन्सन 1981 मध्ये आयर्न मेडन या बँडमध्ये गायक म्हणून आला, 1993 मध्ये सोडून गेला, 1999 मध्ये परतला. पुढे जिभेच्या मुळाशी कॅन्सर झाला. त्यातून उठून 2016 चा दौरा त्याने गायला, वर बँडचं बोइंग 747 स्वतः चालवलं. मेटल गायक रॉनी जेम्स डिओ आपल्या दमाचं श्रेय लहानपणी वाजवलेल्या ट्रम्पेटला द्यायचा. हे आम्ही सांगितल्यावर तुम्ही लगेच म्हणालात, 'मग सनईवाल्याला घ्या की बँडमध्ये!' कल्पना वाईट नाही.

स्टेजबाहेरचं तुमचं बोलणंही इथे येऊ दे. कार्यक्रमानंतर रात्री बाराला तांबडा रस्सा ओरपून लगेच आडवं व्हायचं नाही. पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज घोगरा. झोपण्याआधी तीन तास पोट मोकळं. पाणी दिवसभर प्यायचं, कारण प्यायलेलं पाणी तंतूंना थेट लागत नाही, ऐनवेळी बाटली रिकामी करून उपयोग शून्य. वाफ मात्र थेट पोचते. घसा सुन्न करणारी गोळी चघळून गायचं नाही, कारण दुखणं कळेनासं होतं. आणि तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर काढा बंद, सरळ कान-नाक-घशाचे डॉक्टर.

केबल गुंडाळणाऱ्या तुमच्या पोरालाही आमचे आभार सांगा. एक वेढा सुलटा, एक उलटा, त्यामुळे तुमच्या केबलला पीळ पडत नाही आणि ऐन गाण्यात आवाज तुटत नाही.

माईकच्या जाळीतले स्पंज आमच्या थुंकीने कुजलेत, ते बदलायला नवे सहा आणलेत. जुनेही फेकू नका, साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवले तर तालमीला चालतील. सोमवारी गोडाऊनवर आणून देतो, मागचं राहिलेलं भाडंही त्याच वेळी.

आपले नम्र,
बँडमधले सगळे, सांगली